बाई, ‘भुजा’ म्हणजे कुठला हात?

दोन-तीन महिन्यांतून एकदा खाकी लिफाफा येतो. आत दीडशे-पावणेदोनशे पानं इंग्रजी, आणि सगळ्यात मागे, वेगळी स्टेपल केलेली, वीस-बावीस पानं मराठी. समितीतले बाकीचे सभासद पुढून वाचायला घेतात. मी मागून. सकाळची भाकरी-भाजी उरकली की स्वयंपाकघरातच बसते, पेन्सिलीला टोक काढते आणि ती मराठी पानं मोठ्यानं वाचते. नुसत्या डोळ्यांनी वाचलं की चुका निसटतात, कानाला मात्र लगेच खटकतं. एकतीस वर्षं मुलांची वाचनं ऐकून लागलेली सवय आहे ही.

मी सोलापुरातल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर आहे. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यायची तर अशा समितीची परवानगी लागते. २०१९ साली देशात नव्या औषधांच्या चाचण्यांचे नवे नियम आले. समितीत कोण असावं ते त्यात लिहिलंय. किमान सात जण, निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे, एक तरी बाई, एक कायद्याचा जाणकार, आणि एक ‘सामान्य व्यक्ती’. ती सामान्य व्यक्ती म्हणजे मी. डॉक्टर नाही, वकील नाही. पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. पण नियम असा आहे की सामान्य व्यक्ती हजर नसेल तर कोरम भरत नाही. मोठमोठे डॉक्टर माझी वाट बघत थांबतात. पहिल्या बैठकीला मी संकोचून गेले होते. आता जात नाही. ती खुर्ची रुग्णाच्या बाजूची आहे, आणि तिथं बसून गप्प राहणं हे माझ्या हिशेबी पाप आहे.

यावेळची फाइल लठ्ठपणातून होणाऱ्या फॅटी लिव्हरवरच्या औषधाची होती. औषध कुठलं, कंपनी कुठली, हे इथं लिहिणार नाही. गोपनीयतेच्या कागदावर माझी सही आहे. आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायचं इंजेक्शन, एवढं सांगितलं तर कुणाचं काही बिघडणार नाही, कारण अशा इंजेक्शनांच्या चाचण्या आज जगभर चालू आहेत.

चौथ्या पानावर हे वाक्य होतं: ‘आपणांस यादृच्छिकरीत्या दोन उपचार-भुजांपैकी एका भुजेत नियुक्त करण्यात येईल. सदर अभ्यास द्वि-अंध स्वरूपाचा आहे.’

मी दोनदा वाचलं. मग उठून शेजारी गेले.

शेजारच्या अक्का विड्या वळतात. वय साठीच्या पुढे, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि वाचता येतं ते सावकाश, बोट ठेवून. पहाटे विडी कारखान्याच्या शाखेतून पानं-तंबाखू आणायची, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचं, संध्याकाळी हजाराचा हिशेब द्यायचा. चाळीस वर्षं एका जागी बसून काम. शुगर आहे. गेल्या वर्षी पोटात दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, तर रिपोर्टवर ‘ग्रेड टू फॅटी लिव्हर’ आलं. दुखत होतं ते पित्ताशयातल्या खड्यांनी. लिव्हर काही दुखत नव्हतं. ते दुखतच नाही, हीच त्याची खोड आहे.

कुठल्या औषधाचं, कशाचं, काही न सांगता मी त्यांना फक्त ती दोन वाक्यं वाचून दाखवली. अक्कांचे हात चालू होते. पान कापलं, तंबाखू भरला, दोरा गुंडाळला, आणि म्हणाल्या, “बाई, भुजा म्हंजे कुठला हात? उजवा का डावा? आन् अंध म्हणतेत, म्हंजे ह्या सुईनं डोळे जातेत का?”

अक्कांच्या यजमानांचे डोळे शुगरनंच गेले होते. शेवटची पाच वर्षं त्या त्यांचा हात धरून सिद्धेश्वराला नेत होत्या. ‘अंध’ हा शब्द त्या घरात कसा ऐकू जातो ते फाइलीतलं मराठी करणाऱ्याला माहीत नसणार. पण माहीत करून घ्यायला हवं होतं.

घडलं काय होतं, तर इंग्रजीत चाचणीतल्या गटाला ‘आर्म’ म्हणतात, आणि कुणीतरी त्याची भुजा केली. कुणाला औषध आणि कुणाला नुसतं पाणी हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं आणि रुग्णालाही, म्हणून त्याला ‘डबल ब्लाइंड’ म्हणतात. त्याचं द्वि-अंध झालं. शब्दाला शब्द लावला की भाषांतराचे पैसे मिळतात. पण या कागदावर माणूस सही करतो, नाहीतर अंगठा उठवतो, आणि मग त्याच्या पोटात सुई जाते. वाचता न येणाऱ्यासाठी नियमात निःपक्ष साक्षीदाराची सोय आहे, दुर्बल घटकातल्या माणसावर अगदी नव्या रसायनाची चाचणी असेल तर संमतीचं चित्रीकरणही करावं लागतं. पण साक्षीदारालाच भुजा कळली नाही तर तो साक्ष कशाची देणार?

या विषयाशी माझं नातं समितीच्या आधीपासूनचं आहे, तेही सांगायला हवं.

माझा धाकटा भाऊ बाळू चाटी गल्लीतल्या एका चादरींच्या पेढीवर हिशेब लिहायचा. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर. व्यापारी आला की चहा, गठ्ठा सुटला की चहा, गठ्ठा बांधला की चहा. छत्तिसाव्या वर्षी शुगर निघाली. पोट सुटलेलं होतं, पण आपल्याकडे पोट सुटलं की घर बरं चाललंय असं म्हणतात. दारूच्या थेंबाला त्यानं कधी हात लावला नाही. आमच्या घरात सिद्धरामेश्वराची भक्ती. गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून तो नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची वाट चालायचा. २०१४ च्या संक्रांतीला बाराबंदीचे बंद पुरेनात. भावजयीनं कडेला कापड जोडून दिलं. आम्हाला वाटलं, वजन वाढलं. ते पोटात साठलेलं पाणी होतं. लिव्हर आकसून दगडासारखं झालं होतं, सिरॉसिस.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याला तीन वेळा विचारलं, “खरं सांगा, किती घेता?” तिसऱ्या वेळी बाळूनं उत्तर दिलं नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. २०१६ साली रक्ताची उलटी होऊन तो गेला. एकोणपन्नास वर्षांचा होता. तेराव्याला एक लांबचे नातेवाईक माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाले, “पीत होता हे आम्हाला कधी कळलंच नाही बघा.”

ते वाक्य माझ्या छातीत अजून आहे. म्हणून जिथं जिथं बोलायची संधी मिळते तिथं मी सांगते. दारू न पिता लिव्हर जातं. हे आज कळलेलं नाही. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या युर्गेन लुडविग या डॉक्टरांनी वीस रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. लिव्हरचा तुकडा दुर्बिणीखाली अगदी दारुड्याच्या लिव्हरसारखा दिसत होता, पण ही माणसं पिणारी नव्हती. बहुतेक लठ्ठ होती, बऱ्याच जणांना शुगर होती. त्यांनी नाव दिलं ते ‘नॅश’, म्हणजे दारूशिवायचा लिव्हरदाह. आजाराच्या नावातच दारू. जिला कधी शिवलो नाही तिच्याच नावानं ओळख. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून हे नाव बदललं. आता ‘मॅश’ म्हणतात, नावात दारू नाही, चयापचयातला बिघाड आहे. नावं बदलून काय होतं असं कुणी म्हणालं तर मी त्यांना बाळूच्या तेराव्याची गोष्ट सांगते.

आजार समजायला अवघड नाही. लिव्हरच्या पेशींत थोडी चरबी सगळ्यांच्याच असते. शंभरातल्या पाचांहून जास्त पेशींत ती साठली की फॅटी लिव्हर म्हणतात. पुष्कळांचं तिथंच थांबतं. काहींच्या पेशी फुगतात, आजूबाजूला दाह सुरू होतो, हे मॅश. दाह वर्षानुवर्षं चालला की जखमेवर वण धरावा तसे आत वण धरतात. डॉक्टर त्याच्या पायऱ्या मोजतात, शून्य ते चार. चौथी पायरी म्हणजे सिरॉसिस. बाळू थेट चौथीवर सापडला. चाचण्या बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्या माणसांसाठी असतात, कारण तिथून परत फिरता येतं.

आपल्या लोकांत हे किती आहे? देशभरात झालेल्या अभ्यासांची २०२२ साली एकत्र मोजदाद झाली. प्रौढांत प्रमाण ३८ टक्क्यांच्या पुढे निघालं. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारनं फॅटी लिव्हर हा मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आपल्याकडे माणूस दिसायला फार जाडही नसतो. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट. म्हणून आपल्यासाठी लठ्ठपणाची रेघ खाली आहे, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २५ ला, आणि कंबर पुरुषाची ९०, बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. वर्गात मुलींच्या गणवेशाची मापं घेताना जी टेप वापरायचो, तीच टेप आता मी भिशीला येणाऱ्या बायकांच्या कमरेला लावते. कुणी रागावत नाही.

बैठकीआधी मला एक प्रश्न नेहमी पडायचा, तो यावेळी मी विचारलाही: वजन उतरवल्यानं हे बरं होत असेल तर माणसांना सुया कशाला टोचायच्या? समितीतल्या औषधशास्त्राच्या प्राध्यापकांनी क्यूबातल्या एका अभ्यासाचं सांगितलं, २०१५ सालचा. २९३ रुग्णांना वर्षभर खाण्यापिण्याचा आणि व्यायामाचा सल्ला दिला, आधी आणि नंतर बायोप्सी केली, म्हणजे सुईनं लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासला. ज्यांनी दहा टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांतल्या नव्वद टक्क्यांचा दाह गेला. एवढं ऐकलं की वाटतं, मग झालंच की. पण पाच टक्के तरी वजन उतरवणं जमलं ते जेमतेम तीस टक्क्यांना. बाकी सत्तर टक्के आळशी होते का? मी तसं मानायला तयार नाही. अक्कांना कुणी सांगितलं की रोज पाऊण तास चाला, तर तेवढ्या वेळच्या विड्या कोण वळणार? बाळू नऊला पेढी बंद करून कुठं धावायला जाणार होता? उन्हाळ्यात सोलापुरात सकाळी आठलाच रस्ता भाजायला लागतो. उपाय ठाऊक असणं आणि तो आपल्या आयुष्यात बसणं यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतरातली माणसं मरतात. म्हणून औषध हवं. मला हवंय. बाळूसाठी उशीर झाला, तरी हवंय.

मात्र औषध हवं आणि औषध सापडलं यांच्यामध्येही हजारो माणसांची पोटं आहेत, हे मला फाइली वाचता वाचता कळलं. २०१९ साली सेलोन्सर्टिब नावाच्या गोळीच्या दोन चाचण्या संपल्या. दोन्ही मिळून १६७९ माणसं, वण धरलेली, काही थेट सिरॉसिसची. गोळीचा उपयोग शून्य. २०२० साली एलाफिब्रॅनॉर पडलं: औषधाच्या गटात १९ टक्क्यांना फरक, औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या गटात जवळपास १५, एवढ्यावर औषध म्हणत नाहीत. ओबेटिकोलिक ॲसिडचा वणांवर थोडा उपयोग दिसला, २३ टक्के विरुद्ध १२, पण मोठ्या डोसवाल्या निम्म्या लोकांच्या अंगाला खाज सुटली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ते २०२० मध्ये परत पाठवलं, २०२३ मध्ये पुन्हा परत पाठवलं.

त्या सगळ्या माणसांनी सुया, बायोप्सी, खाज, रजा, प्रवास सोसला आणि हाताला औषध लागलं नाही. पण त्यांच्यामुळे पुढच्यांना कळलं की ही वाट बंद आहे. त्यांची नावं कुठं छापून येत नाहीत. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे.

मग काही उघडलं. आपल्याकडे सरोग्लिटाझार या भारतीय गोळीला २०२० च्या मार्चमध्ये या आजारासाठी परवानगी मिळाली. त्याआधी २०१३ पासून ती मधुमेह्यांच्या रक्तातल्या चरबीसाठी होती. अमेरिकेत या आजारावर पहिलं औषध मंजूर झालं ते २०२४ च्या मार्चमध्ये, रेस्मेटिरॉम. थायरॉइडच्या संप्रेरकाचं काम ते फक्त लिव्हरपुरतं करतं, तिथली चरबी जाळायला लावतं. ९६६ जणांची चाचणी, ५२ आठवडे. मोठ्या डोसवर ३० टक्क्यांचा दाह गेला, नुसत्या गोळीवर १० टक्क्यांचा. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये सेमाग्लुटाइडला मंजुरी, तेच वजन उतरवणारं साप्ताहिक इंजेक्शन, ज्याची आता जुळे सोलापुरातल्या बायकाही चौकशी करतात. पहिल्या ८०० जणांचा ७२ आठवड्यांचा हिशेब: औषध घेणाऱ्यांत जवळपास ६३ टक्क्यांचा दाह गेला. औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांत ३४ टक्क्यांचा.

हा ३४ चा आकडा मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. काहीही औषध न मिळालेल्या शंभरातली चौतीस माणसं सुधारली! का? त्यांना आहाराचा सल्ला मिळत होता. दर काही आठवड्यांनी कुणीतरी वजन करत होतं, विचारपूस करत होतं. माणसावर कुणाचं लक्ष आहे म्हटलं की तो दुसरी पोळी घेताना हात आखडता घेतो. शिवाय बायोप्सीत लिव्हरचा जेमतेम पन्नास हजारावा भाग हाताला लागतो. यावेळी सुई जिथं गेली तिथं दाह कमी असेल, असंही होतं. आणि तो तुकडा बघणाऱ्या दोन तज्ज्ञांची मतंही दरवेळी जुळत नाहीत. म्हणजे नुसतं औषध देऊन मोजलं असतं तर कंपनीनं ६३ सांगितले असते, आणि आपण खरे मानले असते. ६३ तून ३४ वजा केले की औषधाच्या खात्यावर २९ राहतात. वण कमी होण्याचा हिशेब तर ३७ विरुद्ध २२. हे कमी नाही, बाळूसारख्या माणसाला खूप आहे. पण जादूही नाही, आणि अंगठा उठवणाऱ्याला हे कळलंच पाहिजे.

ही वजाबाकी कळल्यापासून औषध नसलेल्या इंजेक्शनाबद्दलचा माझा राग गेला. आधी मला ती फसवणूक वाटायची. आता वाटतं, फसवणूक न सांगण्यात आहे. म्हणून त्या शब्दावर बैठकीत पाऊण तास गेला. मूळ मराठी मसुद्यात ‘प्लासिबो’ एवढंच होतं, पुढे काही नाही. एक डॉक्टर म्हणाले, ‘खोटं इंजेक्शन’ लिहू, सगळ्यांना कळेल. वकीलसाहेब म्हणाले, खोटं म्हटलं की माणूस म्हणणार मला खोटं दिलं, उद्या भांडण. मी म्हणाले, तो भांडला तर बरोबरच आहे, पण खोटं नको ते वेगळ्या कारणासाठी. ज्याला ते मिळणार आहे त्याचं वर्षभराचं येणं-जाणं खोटं नाही. शेवटी असं ठरलं: ‘औषध नसलेलं इंजेक्शन. दिसायला हुबेहूब तसंच. तुम्हाला कुठलं मिळतंय ते तुम्हालाही माहीत नसेल आणि डॉक्टरांनाही नसेल. चिठ्ठ्या टाकून ठरवतात तसं ते कॉम्प्युटर ठरवेल. तीन माणसांतल्या दोघांना औषध मिळेल, एकाला नाही.’ भुजा गेली, अंध गेलं, यादृच्छिक गेलं.

क्रियापदांवर माझा जीव आहे, त्यामुळे पुढचं भांडण मीच काढलं. ‘या औषधाने आपल्या यकृताची सूज कमी होईल.’ कशावरून होईल? तेच तर बघायचंय! होईल हे चालणार नाही; ‘होऊ शकते, न होऊही शकते’ असं हवं. शाळेत क्रियापदांची रूपं शिकवताना मुलं जांभया द्यायची. त्याच रूपांवर कुणाचा तरी भरवसा उभा राहणार आहे हे तेव्हा सांगता आलं असतं तर.

बायोप्सीचं पान मी सगळ्यात जास्त वेळ वाचलं. उजव्या बरगड्यांच्या मधून सुई आत जाते, जागा बधिर करतात, नंतर काही तास उजव्या कुशीवर पडून राहायचं. बहुतेकांना खांद्यात थोडं दुखतं आणि निभावतं. क्वचित आत रक्तस्राव होतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. सुरुवातीला एक बायोप्सी आणि वर्षानंतर दुसरी. आधी फायब्रोस्कॅन करतात, त्यात सुई नाही. बरगडीवर यंत्र टेकवून हलका धक्का देतात आणि लिव्हर किती ताठ आहे ते किलोपास्कलमध्ये दिसतं. आठाच्या खाली असेल तर बहुधा मोठे वण नसतात. मग पुन्हा सुई कशाला? कारण औषध मंजूर करणाऱ्यांना आजवर तुकडाच बघायचा होता. मी म्हणाले, ठीक आहे, पण मग कागदावर स्पष्ट लिहा की ही दुसरी बायोप्सी तुमच्या उपचारासाठी नाही, ती औषध तपासण्यासाठी आहे, आणि तुम्ही नको म्हणू शकता. मुख्य संशोधक डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले. असं लिहिलं तर लोक येणार नाहीत, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या तोंडावर ते दिसत होतं. मग म्हणाले, “लिहू या बाई. खरंच आहे ते.” मला तो माणूस आवडला.

पैशाचं पान. येण्या-जाण्याचा खर्च मिळेल, असं लिहिलं होतं. अक्कलकोटहून येणाऱ्याचं एसटीचं भाडं समजा दिलं; त्याच्या बुडालेल्या हजेरीचं काय? मागावरच्या माणसाला एक दिवस गेला म्हणजे एक दिवसाचं घर गेलं. आणि हे वर्षात वीसदा. दुसऱ्या बाजूनं, जास्त पैसे ठेवले तर गरज असलेला माणूस नुसत्या पैशासाठी पोट पुढे करील, हेही खरं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्ही गोष्टी आहेत: झालेली झीज भरून द्या, पण भुरळ पडेल एवढं देऊ नका. रेघ कुठं ओढायची ते कुठं लिहिलेलं नाही, ते आम्हा सात-आठ जणांना चहाचे कप बाजूला सारून ठरवावं लागतं. यावेळी बुडालेली हजेरी आणि सोबतच्या एकाचं भाडं, जेवणासह, असं ठरलं. इजा झाली तर उपचार फुकट, चाचणीमुळे झाली असेल तर भरपाई, आणि काही गंभीर घडलं तर डॉक्टरांनी चोवीस तासांत कळवायचं. हे नियमातच आहे, पण बाराव्या पानावर बारीक टाइपात होतं. ते दुसऱ्या पानावर आणून ठळक करायला लावलं.

एका प्रश्नाचं उत्तर मला मिळालं नाही. चाचणीचं वर्ष संपलं, माणसाचं वजन उतरलं, लिव्हर सुधारलं. त्यानंतरच्या आठवड्याला काय? या प्रकारचं इंजेक्शन थांबवलं की वजन परत चढतं, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. चाचणीनंतर औषध देत राहण्याची तरतूद नियमात आहे, पण दुसरा उपचार उपलब्धच नसेल तेव्हाची. इथं ‘दुसरा उपचार’ बाजारात आहे. तो विडी वळणाऱ्या बाईला परवडतो का, हे नियम विचारत नाही. बैठकीच्या इतिवृत्तात माझा प्रश्न माझ्या नावानिशी नोंदवून घ्या म्हणाले. नोंदवलाय.

बदललेला कागद आला तो परत अक्कांना वाचून दाखवला. ऐकताना मध्येच त्यांनी हात थांबवले. अक्कांचे हात थांबलेले मी फार कमी वेळा पाहिलेत. म्हणाल्या, “म्हंजे तिघीत एकीला नुसतं पाणी.” हो. “आन् कोणाला ते कुणालाच ठाऊक नाही.” हो. “मग शेवटाला सांगतेत का?” मी कागद चाळला. ते कुठंच लिहिलं नव्हतं. चाचणी संपल्यावर तुम्हाला काय मिळालं होतं ते कधी कळणार, कोण सांगणार, एक ओळ नव्हती. आठ जणांनी वाचलं होतं, मीही चार वेळा मोठ्यानं वाचलं होतं. त्याच संध्याकाळी सचिवांना फोन केला आणि ती ओळ घालून घेतली.

परवा नवी फाइल आली. मधुमेहाच्या पायाच्या जखमेवरचं मलम आहे. तिसऱ्या पानावर पुन्हा भुजा. पेन्सिलीला टोक काढलंय. अक्कांना शाखेतून यायला आज उशीर होणार आहे म्हणाल्या, पाचनंतर जाईन.